बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा

1 मेच्या ग्रामसभेत शेवटचा विषय बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीचा होता. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. जेटीवर उतरलं की समोरच मच्छिमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना, आणि त्याची गिलावा केलेली साठ फूट लांब भिंत. ही भिंत मागणारं एका ग्राफिटी कलाकाराचं, म्हणजे स्प्रेच्या रंगाने भिंतींवर मोठी चित्रं काढणाऱ्याचं, पत्र आलं होतं. मुलगा इथलाच म्हणायचा. आजोळ आमच्या शेजारच्या वाडीत, वाढला कल्याणला. मुंबईत त्याची प्रदर्शनं झाली आहेत, महोत्सवांत लोकांसमोर उभं राहून त्याने चित्रं काढली आहेत, दोन-तीन वस्त्यांमध्ये तिथल्या पोरांना हाताशी घेऊन भिंती रंगवल्या आहेत. पत्रात त्याने लिहिलं होतं, भिंत द्या, रंग मी आणतो, राहण्या-जेवणाचं तेवढं गावाने बघावं.

अर्धा तास बोलणं झालं. एक म्हणाले, फुकट होतंय तर होऊ दे. दुसरे म्हणाले, चांगला सेल्फी पॉइंट होईल, पर्यटक जेटीपर्यंत येतील. तिसऱ्यांनी विचारलं, एप्रिलपासून नळाला एक दिवसाआड पाणी, आणि आपण भिंती रंगवायला बसलोय? तिघांचंही मला समजलं. पण त्या भिंतीवर येणार काय, हे कुणीच विचारलं नाही. भिंतीच्या समोर रोज पहाटेपासून मासळी निवडायला बसणाऱ्या बायकांपैकी सभेला एकही नव्हती. विषय पुढच्या सभेवर गेला.

मी चोवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्या अर्ध्या तासात मला जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. भिंत द्यावी. पण ती फुकट रंगवून घेऊ नये, आणि दोन दिवसांत तर मुळीच उरकू नये.

ग्राफिटी करणाऱ्या कलाकाराची कामं बाहेरून एकसारखी दिसतात, पण त्यांत फरक आहे. प्रदर्शनात तो कॅनव्हास विकतो, त्यावर त्याचं घर चालतं. लाइव्ह पेंटिंगमध्ये तो लोकांसमोर दोन-चार तासांत चित्र उभं करतो आणि आयोजक त्या तासांचे पैसे देतात. वस्तीत जाऊन लोकांबरोबर भिंत रंगवणं हे तिसरं काम. त्यात पैसा सगळ्यांत कमी आणि वेळ सगळ्यांत जास्त. आपल्या किनाऱ्यावर आपण ओळखतो ते फक्त मधलं. पर्यटन महोत्सव, बीच फेस्टिव्हल, नगरपरिषदेचा वर्धापनदिन, जिथे तिथे लाइव्ह पेंटिंग ठेवलेलं असतं. सार्वजनिक पैसा जातो तो तिथेच.

असा एक महोत्सव मी शाळेच्या मुलांना घेऊन पाहिला आहे. वाळूत सोळा फूट लांबीचं प्लायवूड उभं केलं होतं. दोन तरुण स्प्रेचे डबे घेऊन आले आणि पोरं श्वास रोखून उभी राहिली. स्प्रेच्या डब्याची टोपी बदलली की रेघ बदलते, बारीक टोपीने केसासारखी, जाड टोपीने चांगली रुंद, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. हात भिंतीला टेकवायचा नाही, रंग ओघळू द्यायचा नसेल तर हात थांबवायचा नाही, अंतर कमी केलं की कड तीक्ष्ण होते. सहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, हे खांद्याने काढतात, बोटांनी नाही." वर्गात मला हे दहा तासिकांत शिकवता आलं नसतं. त्या कलाकारांबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. महोत्सव संपल्यावर मी आयोजकांकडे तो फळा शाळेसाठी मागितला. तो कुणाचा, हेच कुणाला सांगता येईना. मंडपवाला म्हणाला ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणाला समितीचा. महिनाभर तो स्टेजच्या मागे आडवा पडून होता. मग वळवाचा पाऊस आला, प्लायवूडचे पदर सुटले आणि चित्रातला चेहरा पापुद्र्यांसारखा वर आला. ती सहावीतली मुलगी रोज शाळेच्या वाटेवर ते बघत होती. तीन तास विकत घेतले होते, ते संपले. चित्र कुणीच घेतलेलं नव्हतं.

लोकांसमोर चित्र काढणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. माझ्या माहेरी गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. श्रावण लागला की गावकरी आपापले पाट आणून ठेवायचे. पाटामागे खडूने नाव लिहिलेलं असायचं, आणि त्या पाटावर कुणाचा गणपती, केवढा, उजव्या सोंडेचा की डाव्या, पितांबर कुठल्या रंगाचं, हे माझ्या वडिलांना तोंडपाठ असायचं. शेवटच्या आठवड्यात डोळ्यांची आखणी सुरू झाली की अंगणात गर्दी. आजूबाजूला कुणी खोकतसुद्धा नसे. तेही लाइव्ह पेंटिंगच होतं. पण बघणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा पाट तिथे होता. आखणीच्या त्या पाच मिनिटांमागे महिनाभराची येजा होती, आणि नंतर ती मूर्ती कुणाच्या तरी घरी जाणार होती. घरात गणपतीच्या मागची भिंतही रंगवलेली असायची. सिंधुदुर्गात ही चाल अजून टिकून आहे. चतुर्थीच्या आधी घरातलाच कुणी मुलगा किंवा गावातला पेंटर बसतो आणि भिंतीवर कमळं, मोर, हिमालय, कधी अख्खा रामदरबार उभा करतो. पुढच्या वर्षी त्यावर चुना आणि नवं चित्र. ते पुसलं म्हणून कुणी हळहळत नाही, कारण ते पुन्हा काढणारा हात घरातच असतो.

म्हणून 'कोकणात ग्राफिटी कशाला' हा प्रश्न मला पटत नाही. भिंतीवर चित्र काढणं आपल्या अंगवळणी आहे. बाहेरून नवं आलंय ते दुसरंच, भिंत कुणाची हे न विचारता काढणं.

ग्राफिटीचा उगम तसाच आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाने एक मुलगा शहरभर आपलं नाव लिहीत सुटला. पुढे न्यूयॉर्कमध्ये पोरांनी लोकलचे डबेच्या डबे रंगवले. ज्या शहरात आपल्याला कुणी मोजत नाही तिथे आपलं नाव मोठ्या अक्षरांत धावावं, ही त्यामागची भूक होती. तिथल्या रेल्वेने वर्षानुवर्षं डबे धुतले, कुंपणं घातली, आणि 1989 च्या मे महिन्यात शेवटची रंगवलेली गाडी रुळांवरून काढली. फिलाडेल्फियाने दुसरी वाट धरली. 1984 मध्ये शहराने ग्राफिटीविरोधी मोहीम उघडली, तेव्हा जेन गोल्डन नावाच्या चित्रकर्तीला त्याच पोरांबरोबर काम करायला नेमलं. तिने त्यांच्या हातात ब्रश दिले आणि मोहल्ल्यात बसून, काय काढायचं हे तिथल्या लोकांशी बोलून ठरवायची रीत पाडली. आज त्या शहरात हजारो भित्तिचित्रं आहेत.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. देवगडपासून कणकवलीपर्यंत एसटीच्या खिडकीतून पाहत जा. परवानगी न घेता भिंतीवर आपलं नाव लिहिणारी पोरं तुम्हाला क्वचित दिसतील. दिसतील ते पक्ष, सिमेंट, पतसंस्था, क्लासेस, आणि निवडणुकीच्या आधी सहा महिने कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकून अडवून ठेवलेल्या भिंती. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे. तो कुणाच्या बाबतीत आठवतो आणि कुणाच्या बाबतीत विसरला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचा आवाज आधीच मोठा, त्यांचीच नावं आपल्या भिंतींवर. मग इथे ग्राफिटी करणाऱ्याने बंड करायचं असेल तर ते कसलं? माझ्या मते, न विचारता लिहिल्या गेलेल्या भिंतीवर विचारून काढणं, हेच इथलं बंड. किल्ल्यांच्या तटावर दगडाने कोरलेली प्रेमिकांची नावं पाहून ज्या म्हाताऱ्या माणसांना ग्राफिटी या शब्दाचीच धास्ती बसली आहे, त्यांनाही या वाटेने जवळ आणता येईल.

विचारून काढणं म्हणजे काय, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या बंदरावरच्या लिलावाच्या शेडची आतली भिंत रंगवायला एक कलाकार आला होता. तो अकरा दिवस राहिला. पहिले तीन दिवस त्याने भिंतीला हात लावला नाही. पहाटे लिलावाला उभा राहायचा, दुपारी जाळी विणणाऱ्यांजवळ बसायचा. चौथ्या दिवशी त्याने पूर्ण भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा केल्या, कुठे फुली, कुठे गोल, कुठे एखादं अक्षर. गावाला वाटलं हा भिंत खराब करतोय. ती त्याची मापाची युक्ती होती. त्या खुणांसकट भिंतीचा फोटो काढायचा, मोबाइलवर त्यावर आपलं चित्र ठेवायचं, आणि माशाचा डोळा कुठल्या फुलीपाशी येतो ते बघून भिंतीवर काढायचं. मोठी भिंत अशी चटकन आखता येते. मीही ते तिथेच शिकले.

सहाव्या दिवशी त्याने बांगडा काढला. दहा फूट लांब, चंदेरी पोट, निळीहिरवी पाठ आणि पाठीवर नागमोडी आडवे पट्टे. देखणा मासा. टोपली डोक्यावर घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "झिला, ह्यो खंयचो बांगडो? आमच्या बांगड्याच्या पाठीर डोक्यापासून शेपटेपर्यंत रेघो जातत. ह्यो आडव्यो तू खंयसून हाडलंस?"

तिने टोपलीतला बांगडा काढून त्याच्या हातात दिला. पाठीवर लांबच लांब काळसर रेघा, त्यांच्या वर ठिपक्यांची ओळ. त्याने मोबाइल काढून पाहिला. इंटरनेटवरून घेतलेला फोटो उत्तर अटलांटिकमधल्या मॅकरलचा होता. त्याच्या पाठीवर पट्टे आडवे असतात. आमच्या समुद्रातला बांगडा वेगळा. त्याने काही न बोलता पाठ पांढरी केली आणि तो मासा समोर ठेवून पुन्हा रंगवली. म्हातारी होईपर्यंत तिथेच बसली. बर्फ वितळून तिची मासळी उतरत होती, तरी उठली नाही. त्यानंतर त्या भिंतीवर सगळ्यांचंच लक्ष गेलं. इसवणीचे म्हणजे सुरमईचे कल्ले, वल्ह्याची पकड, पाग फेकताना पाय कुठला पुढे, प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं आणि तो ऐकत होता. आज त्या भिंतीवर पान खाऊन थुंकलेली एकही पिंक नाही. तिथे कुणी पाटी लावलेली नाही आणि देवाची टाइलही नाही.

देवाच्या टाइलचा विषय निघालाच म्हणून सांगते. घाण होऊ नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर देवांची आणि थोर पुरुषांची चित्रं लावायची पद्धत मला खुपते. आपण देवाला रखवालदार केलं. दोन पावसाळ्यांनंतर महाराजांच्या चेहऱ्यावर शेवाळ चढतं, रंगाचे पोपडे पडतात, आणि ते पुसून पुन्हा काढायची कुणाची हिंमत होत नाही, कारण पुसताना कुणी फोटो काढला तर गावात वेगळंच पेटायचं. ज्या चित्राची निगा आपल्याला राखता येणार नाही ते उघड्या भिंतीवर काढू नये.

आता पाण्याचा प्रश्न. नळाला पाणी नसताना भिंतीवर खर्च का, हे विचारायलाच हवं. पण भिंतींवर खर्च आजही होतोच आहे. स्वच्छ सर्वेक्षण आलं की शहरात दरवर्षी कंपाउंडच्या भिंती रंगतात. ओला कचरा, सुका कचरा, निळा डबा, हिरवा डबा, झाडाला पाणी घालणारी मुलगी. पुढच्या वर्षी त्यावर नवा हात मारून पुन्हा तीच मुलगी. सुशोभीकरणाच्या निविदा निघतात, चौरस फुटाचा दर लागतो, काम ठेकेदाराला मिळतं, आणि प्रत्यक्ष ब्रश धरणाऱ्या पेंटरच्या हातात त्यातलं किती पडतं ते तो पेंटरच जाणे. हे पेंटर कोण, तर फ्लेक्स आल्यावर ज्यांची दुकानं बसली ते. बोर्ड लिहिणारे, होड्यांवर नावं काढणारे, एसटीच्या मागे तिरपी अक्षरं सोडणारे. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या 'बोलक्या भिंती' रंगवल्या त्याही यांनीच. बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, आकाशगंगा. यातल्या काही शाळा पटाअभावी बंद पडल्या. कुलूप लावलेल्या व्हरांड्यात ती बाराखडी अजून आहे, वाचायला कुणी नाही.

तेव्हा खर्च होणारच असेल तर तो कसा व्हावा, हे विचारू या.

सुशोभीकरणाचं आणखी एक दुखणं वारलीचं आहे. माझ्या तालुक्यातल्या हॉटेलांच्या भिंती, बसथांबे, बागेचं कंपाउंड, सगळीकडे गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या फेर धरून नाचतात. वारली चित्रं कोकणचीच, पण ती उत्तरेकडच्या डहाणू-तलासरीची. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढायच्या, तिथून ती परंपरा आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्टेन्सिल ठेवून स्प्रे मारलेल्या या नाचणाऱ्या आकृत्यांचा त्या चौकाशी काही संबंध उरलेला नाही, आणि त्यातला एक रुपयाही वारली चित्रकारापर्यंत पोचत नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारत सांगायची कला. मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने पाहणारी ती माणसं एकदा बघितली की विसरत नाहीत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गातल्या एखाद्या एसटी स्टँडवर पिंगुळीच्या चित्रकाराला सन्मानाने बोलावून, त्याचा मोबदला देऊन, ग्राफिटी करणाऱ्या पोराबरोबर त्याने एक भिंत करावी, असं मला फार वाटतं. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं आहे.

कुठे काढू नये, हेही बोललं पाहिजे. जांभ्याची भिंत रंगवू नका. जांभ्याचा चिरा हा पाणी पिणारा दगड. पावसात तो ओलावा घेतो आणि उन्हात सोडतो. त्यावर प्लास्टिक इमल्शनचा थर दिला की आतलं पाणी अडतं, खारी हवा असेल तर मीठही आत धरतं, आणि वर्षभरात रंग फुगून सालं निघू लागतात. मग ती भिंत ना दगडाची राहते ना रंगाची. शिवाय पहिल्या पावसानंतरच्या तांबड्या-काळ्या चिऱ्याला आणि त्याच्या सांध्यांतल्या हिरव्या शेवाळाला रंगाची गरज नाही. देवळांची आवारं, जुने घाट, किल्ले, वाडे हे तसेच राहू देत. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, कातळशिल्पांची तर गोष्टच नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, जवळजवळ अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगात कितीतरी प्राणी. 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या पूर्वजांनी जागा निवडताना घाई केली नव्हती, एवढं मी त्यांच्याकडून घेते. सिमेंटच्या भिंती गावोगाव भरपूर आहेत. पाण्याच्या टाक्या, शेड, गोदामं, हायवेच्या पुलांचे खांब. आधी त्या बघू.

पावसाचा प्रश्न तंत्राचा आहे आणि त्यावर उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये घाईने भिंत रंगवायची आणि जूनमध्ये ती धुऊन गेली म्हणून कपाळाला हात लावायचा, हे आपण करतो. फिलाडेल्फियात वापरतात ती पद्धत मला इथे जास्त सोयीची वाटते. चित्राचे तुकडे पाडून ते एका न विणलेल्या पातळ कापडावर घरात बसून रंगवतात, आणि भिंत तयार झाली की ॲक्रिलिक जेलने चिकटवतात. कापड रंगात असं मुरतं की भिंतीवर ते वेगळं कळत नाही. आता आपलं वर्ष बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात, शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा. बाहेर पाऊस पडत असताना आत दहा माणसं कापडावर रंग भरू शकतात. ज्याला चित्र येत नाही त्यालाही आखलेल्या जागेत रंग भरता येतो. आणि दिवाळीनंतर भिंत सुकली की ते लावायचं. खाऱ्या हवेत ते किती वर्षं टिकेल हे लावल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आधी चार फुटांचा तुकडा लावून एक पावसाळा बघावा.

प्रदर्शनाचाही क्रम मी उलटा धरेन. मुंबईत काम झाल्यावर प्रदर्शन असतं. गावात ते आधी व्हावं. कच्ची रेखाटनं रेशन दुकानाच्या बाहेर, देवळाच्या सभामंडपात, लिलावाच्या शेडमध्ये आठवडाभर लावावीत आणि बाजूला दोरीला पेन्सिल बांधावी. म्हातारीने बांगडा भिंतीवर दुरुस्त केला तेव्हा एक दिवस गेला. कागदावर तो पाच मिनिटांत झाला असता. 2017 मध्ये ससून डॉकच्या गोदामांत भरलेलं कलाप्रदर्शन मी पाहिलं होतं. तिथल्या कोळ्यांचे भिंतभर फोटो लावलेले होते, आणि स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभं राहून हसणारी एक बाई मला अजून आठवते. चेहरा तिचा होता म्हणून ती थांबली. आमच्या बर्फाच्या भिंतीसमोर बसणाऱ्या बायकांनीही थांबून बघावं असं तिथे काही हवं.

आता 'फुकट होतंय तर होऊ दे' याबद्दल. फुकट काम घेतलं की दोन्हीकडची जबाबदारी सुटते. कलाकार स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी काढतो, गाव बघत बसतं, आणि दोन वर्षांनी रंग उडाला की कुणी कुणाला बोलावू शकत नाही. मोबदला ठरला पाहिजे, त्यात त्याच्या राहण्याचे दिवसही धरले पाहिजेत, आणि तिसऱ्या वर्षी एकदा येऊन डागडुजी करण्याचे पैसे आजच बाजूला ठेवले पाहिजेत. शिवाय लेखी करार हवा. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केलेलं मोठं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये न विचारता उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते न्यायालयात गेले, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना 5 लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष परत देण्याचा निकाल दिला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 कलाकाराला हा हक्क देतं, काम विकल्यानंतरसुद्धा. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात आपल्याकडे किती भिंती गेल्या ते आपण पाहिलंय. उद्या सोसायटीला कारखाना पाडायचा असेल तर काय, हे आज कागदावर असलं तर पुढे भांडण नाही.

आणि काय काढायचं? ते मी ठरवणार नाही, पण एक सुचवते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझी बहीण तिथे राहते. पाणी ओसरल्यावर तिच्या घराच्या भिंतीवर छताच्या हातभर खाली चिखलाची सरळ रेघ होती, फूटपट्टी लावून मारल्यासारखी. दिवाळीला घर रंगवलं आणि ती रेघ गेली. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांवरून तिथे नंतर किती वाद झाले, पण त्या रेषा नकाशावर असतात. नकाशा वाचणारे किती? बाजारपेठेतल्या एखाद्या उंच भिंतीवर ते पाणी त्याच्या खऱ्या उंचीवर कुणी रंगवलं, तर शाळेत जाणारं पोर रोज आपल्या डोक्यावर पाणी किती होतं ते बघत जाईल, आणि तळमजल्यावर गाळा घेणारा माणूस एकदा वर मान करील. हे काम ग्राफिटी करणाऱ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार? एवढ्या मोठ्या भिंतीवर, रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून कळेल असं काढण्याची त्यांची तालीमच असते. आमच्या खाडीचंही असं काही असेल. वाळूउपशाने सरकलेला किनारा, आता न मिळणारे मासे, मुंबईला गेलेल्या घरांची बंद दारं. ते म्हातारी सांगेल, मला नाही सांगता यायचं.

पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टला. तोवर थांबलो तर बंदी उठलेली असेल, होड्या समुद्रात आणि माणसंही, आणि कापडावर रंगवायचा पावसाळा अर्धा सरलेला. म्हणून सरपंचांना मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विशेष सभा मागितली आहे, आणि ती संध्याकाळी पाचनंतर घ्या असंही लिहिलंय, कारण सकाळी बायका मासळीवर असतात. पैशाचं मुंबईकर मंडळाशी, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाशी, बोलून झालंय. अर्धा वाटा ते उचलतील, उरलेला सोसायटी आणि ग्रामपंचायत.

दरम्यान भिंतीची एक परीक्षा मी घेतली. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. तीन ठिकाणी लावला. यंत्राच्या बाजूला आत पाणी साचलं होतं, थंडीने ती भिंत आतून घाम सोडते. मधल्या तुकड्यात आणि खाडीकडच्या टोकाला मात्र कोरडं. म्हणजे साठापैकी चाळीस फूट धरायचे. त्या मुलाला तसं कळवलंय आणि येताना मोबाइलमधला बांगडा आणू नकोस म्हणून सांगितलंय. शाळेच्या हॉलची किल्ली माझ्याकडे आहे.